घाटीवरचा तिसरा धोंडा

आमच्या वाडीतून बाजाराला जायचं तर घाटी चढायला लागायची आणि घाटीवर तीन धोंडे होते. मागच्या माणसांनी रचून ठेवलेले, छातीएवढे उंच, वरून सपाट. डोक्यावरची मासळीची पाटी कुणाचा हात न लागता त्यावर टेकवायची, दम खायचा, परत तशीच सरकवून डोक्यावर घ्यायची आणि चालू लागायचं. पहिल्या धोंड्याला थांबायची ती गरोदर नाहीतर आजारी. दुसऱ्याला म्हाताऱ्या थांबायच्या. तिसऱ्याला सगळ्याच थांबत, पण ते दमासाठी नव्हे, गजालींसाठी. कुणाच्या सुनेने काय केलं, कुणाच्या रापणीच्या जाळ्याला काय लागलं, सगळं तिथं कळायचं. माझी आई एकाही धोंड्याला थांबायची नाही. गजाली बाजारात पोचल्यावर करायची म्हणायची, आधी जागा धरायची. बाजारात भिंतीच्या सावलीची एकच जागा, जी आधी पोचेल तिची. उन्हात बसलेल्या बाईचे बांगडे दुपारपर्यंत मऊ पडतात, ते कोण घेतो?

हे लिहून घेणारी पोरगी मी कुडाळला मालीश शिकवते त्या वर्गातली आहे. ती म्हणते, बाय, तुमचं तुम्ही बोला, मी लिहिते. मी चौथीतून घरी बसले, मला लिहिता येतं ते नावापुरतं. म्हणून मी तिच्या शहरी भाषेत बोलते आहे, पण आईचं बोलणं आई बोलली तसंच ठेव असं तिला बजावलंय. ते बदललं तर ती आई माझी राहणार नाही.

घरात आम्ही पाच. बापूस रापणीवर, किनाऱ्यावरून मोठं जाळं खेचतात तिथं, दोर ओढायला जायचा, वाटणीला येईल ती मासळी आई विकायची. मी थोरली, मागे दोन बहिणी. सकाळी उकड्या तांदळाची पेज, बरोबर खारातली आंब्याची फोड नाहीतर चुलीत भाजलेला सुका बांगडा. आई पेज वाढून द्यायची आणि आपण भांडी घासायला बाहेर जायची. ती कधी जेवते ते आम्ही बघितलं नव्हतं आणि विचारलंही नव्हतं. पोरं विचारत नाहीत. दुपारी ती परत यायची वेळ झाली की आम्ही उंबऱ्यावर बसून कान द्यायचो, कारण आईच्या आधी आईचा आवाज यायचा. आधीच्या वर्षांत पायांतल्या जोडव्यांचा. मग त्या वर्षी, मी सोळाची असेन, जोडव्यांच्या आधी श्वासाचा आवाज यायला लागला. वळणावरूनच ऐकू यायचा, लाकूड कापताना करवत अडकते तसा. धाकटी म्हणायची, "आये इली," आणि धावत जायची. मी धावत नव्हते. मी उंबऱ्यावरच बसून तो आवाज ऐकत राहायचे.

एक दिवस मी आईबरोबर गेले होते, तर आई पहिल्या धोंड्यालाच टेकली. मागून पुतळी आली. पुतळी आमच्या शेजारची, तीही मासळी विकायची, जीभ तिखट पण मनात वाईट नाही.

"काय गो, आज पयल्याच धोंड्यार मुक्काम? चाय ठेवतंस काय?"

"तू फुडे हो. तुझी पाटी हलकी, माझी जड," आई म्हणाली. एवढं बोलायला तिला मधे दोनदा थांबावं लागलं.

त्या दिवशी सावलीची जागा पुतळीला मिळाली, आणि मग रोजच मिळायला लागली. आईला बापूस मालवणला डॉक्टरकडे घेऊन गेला. त्यांनी नळी लावून पाठ, छाती सगळीकडे ऐकलं. छाती साफ आहे म्हणाले, काळीज चांगलं आहे म्हणाले, वजन उचलू नका. बापूस घरी येऊन चुलीजवळ बसला आणि म्हणाला, "पावस सरलो की पाटी भागीन घेवची. नर्सबायच्या ओसरीर तेल चोळून काय पोट भरूचा नाय."

भागी म्हणजे मी. आणि नर्सबायची ओसरी म्हणजे माझा जीव होता, म्हणून ती कोण ते सांगते.

वाडीच्या वर, माडांच्या बागेत, किरिस्तांवांची, म्हणजे ख्रिश्चनांची, चार घरं. त्यातल्या एका घरात नर्सबाय एकटी राहायची. गोव्यात इस्पितळात नोकरी करून परत आलेली, पांढरे केस, हात मात्र पोरीसारखे मऊ. बाळंतिणी, अर्धांगवायूवाली माणसं, पडलेले-झडलेले सगळे तिच्याकडे यायचे आणि ती त्यांना चोळायची. हाताखाली तीन पोरी शिकत होत्या, दोघी सातवी झालेल्या आणि तिसरी मी. मी तिचं अंगण झाडायचे, मासे नीट करून द्यायचे, त्याच्या बदल्यात मला ओसरीवर बसायला मिळायचं.

पहिल्या दिवशी तिने विचारलं, "श्वास खंय घेतंस? हात ठेवन दाखय." मी दोन्ही कानांच्या खाली, जबड्याच्या मागे हात ठेवले. "थंय काय आसा?" तिने विचारलं. "कल्ले," मी म्हटलं. जन्मापासून मी काय बघत आले होते? मासा घेताना कल्ला उचलायचा, लाल असला तर ताजा. माशाचा श्वास तिथे, तर माणसाचाही तिथेच कुठेतरी आत असणार, असं मी धरून चालले होते. त्या दोघी हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. नर्सबाय हसली नाही.

"मासो पाण्यात रवता. तू खंय रवतंस?"

"जमिनीर."

"मगे जमिनीचा हत्यार वेगळा आसतला. उद्या येताना गाबोळी घेवन ये, वायच मोठी."

दुसऱ्या दिवशी मी सुरमईची गाबोळी, म्हणजे पोटातली अंड्यांची पिशवी, नेली. तिने ती केळीच्या पानावर ठेवली, सुरीने बाजूने चिरली. बाहेरून एक पिशवी दिसते, पण आत सगळे बारीक बारीक कण, एकमेकांना चिकटून. "फुफ्फुस ह्या असा," ती म्हणाली. "पोकळ फुगो न्हय. ह्यो एक एक कण म्हणजे वाऱ्याची पिशवी, आणि तिच्या भायर रगत. वारो आतसून रगतात जाता, खराब वारो रगतातसून भायर येता. उजव्या बाजूक तीन भाग, डाव्या बाजूक दोन, कित्याक की डाव्या बाजूक काळजाक जागा दिवक व्हयी." मग तिने ती गाबोळी तिखट-मीठ लावून तव्यावर तळली आणि आम्ही चौघींनी खाल्ली. त्यानंतर मला फुफ्फुस परत शिकवावं लागलं नाही.

तिचं शिकवणं सगळं असंच. फुटलेलं कांकण दाखवून म्हणायची, गळ्याखालची नळी अशी, पुढून कडक, मागून उघडी, कारण मागून जेवणाची नळी जाते, मोठा घास आला तर त्याला वाट पाहिजे. बादलीची कडी वर-खाली करून दाखवायची, खालच्या बरगड्या अशा बाजूला उचलतात. हळदीची दोन पानं पाण्यात भिजवून एकावर एक ठेवायची आणि म्हणायची, ओढून वेगळी कर. सरकायची पण सुटायची नाहीत. "बरगडे आणि फुफ्फुस अशी चिकटलेली आसत. फुफ्फुस आपणाहून काय ओढणा नाय. बरगडे उघडले की ता मागसून जाता. आणि सगळ्यांत मोठा काम खाली, पडद्याचा." छातीच्या तळाला पडदा आहे, पालथ्या टोपलीसारखा. श्वास घेतला की तो खाली बसतो, आतड्यांना ढकलतो, म्हणून पोट पुढे येतं. वारा पोटात जात नाही. हे मी आज कुडाळच्या वर्गात पोरींना सांगते तेव्हा अजून निम्म्या जणी वहीत लिहितात की पोटाने श्वास घ्यायचा. तिथं हाडांचा सापळा चाकांच्या दांड्यावर टांगलेला आहे, भिंतीवर रंगीत चित्रं आहेत, तरी ही चूक होतेच. मग मी बाजारातून गाबोळी मागवते.

तर बापसाने पाटीचं सांगितलं आणि मी घाबरले. पाटी डोक्यावर घ्यायची भीती नव्हती. ओसरी सुटेल ही भीती होती. आणि आईचं काय? पाटी नसलेली आई मला डोळ्यांपुढे आणताच येईना. मी नर्सबायला सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टरान छाती साफ सांगल्यान ना? मगे बघ तू. हात तुझे, आये तुझी."

आई मासळी द्यायला ओसरीवर आली तेव्हा मी तिला बसवलं, मागून तिच्या खालच्या बरगड्यांवर, पातळावरूनच, दोन्ही हात ठेवले. नर्सबायच्या पाठीवर ठेवले की माझे अंगठे एकमेकांपासून दूर जायचे आणि परत यायचे. आईच्या पाठीवर ते हललेच नाहीत. तिचे खांदे मात्र दर श्वासाला वर. मानेला हात लावला तर दोन्ही बाजूंनी दोर, रापणीच्या दोरासारखे ताठ. मला वाटलं, मिळालं. खोबऱ्याचं तेल कोमट करून मी आठ दिवस तिची मान चोळली. मान मऊ व्हायची, आईला बरं वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून आली की दोर परत ताठ आणि श्वासाची करवत तशीच.

नर्सबायला सांगितलं तर ती कांदा चिरत होती, मान वर न करता म्हणाली, "दोर ताणलेलो आसा म्हणान दोराक चोळतंस. रापणीचो दोर कित्याक ताणता, गो? तुझ्या बापसाक विचार."

बापसाला कशाला विचारायचं. दोर ताणतो कारण खाली जाळं जड असतं. आईच्या मानेतले दोर ओढत होते कारण खालून कुणी काम करत नव्हतं. पडदा. पण पडदा का हलत नाही ते मला कळेना.

ते कळलं न्हाणीत. आई न्हात होती, पाठीला तेल लावायला मी गेले. आणि तिच्या अंगावर, खालच्या बरगड्यांपासून कमरेपर्यंत, गोल फिरलेली खोबण होती. माडाला वर्षानुवर्षं होडी बांधली की दोराची खूण पडते तशी. आई पातळाच्या आत पट्टा बांधायची. जुन्या पातळाचा लांब फाळका, तीन वेढे, दातात टोक धरून आवळायची. आमच्याकडे सगळ्याच बाया बाळंतपणात बांधतात, सव्वा महिन्यात सोडतात. आईने धाकटीच्या वेळचा सोडलाच नव्हता. धाकटी तेव्हा सात वर्षांची होती. खोबणीवर खोबणी दिसत होत्या, वेढा वर्षागणिक वर सरकत आणि घट्ट होत गेलेला.

आई केस धुवायला वाकली तेव्हा मी न्हाणीच्या दांडीवर सोडून ठेवलेला तो फाळका उचलला, तिच्यासारखाच स्वतःला आवळला, वर पाण्याने भरलेली घागर घेतली आणि घाटी चढले. मी सोळाची, पायांत जोर. पहिल्या धोंड्याला पोचेपर्यंत माझे खांदे कानांना लागले. तोंड उघडं, डोळ्यांपुढे काजवे. घागर धोंड्यावर टेकवली आणि माझ्या घशातून तोच आवाज आला, करवतीचा. तिथं उभी राहून मी हसले. पुतळी खालून येत होती, तिला वाटलं पोरीला भूत लागलं.

घरी आईपुढे फाळका धरला. "आये, ह्यो सोड."

"सोडलंय तर कमर मोडात. वजन खंयच्या जोरार उचलू?"

"बरगडेर बांधतंस तू. पडद्याक खाली बसाक जागा नाय. कमर धरूक व्हयी तर कमरेच्या हाडार बांध, खाली."

"चार अक्षरां शिकलंस आणि माका शिकवतंस?"

"तू कित्याक सोडूक नाय? सगळी सोडतत."

आई चूल फुंकत होती. फुंकणी बाजूला ठेवली. मग पेजेबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणाली, "तेव्हा बापूस हात मोडून घरात होतो. पेज तुमका सगळ्यांका पुरूक व्हयी होती. पोट आवळून बांधला काय भूक कळणा नाय. मगे सवय झाली." आणि परत फुंकणी घेतली.

लिहिणाऱ्या पोरीने इथं पेन थांबवून माझ्याकडे बघितलं, मी तिला म्हटलं, लिही पुढे.

त्या दिवशी आईने आमच्याबरोबर बसून पेज खाल्ली, कारण मी वाढून तिच्या पुढ्यात ठेवली आणि तिथून हलले नाही. पण पट्टा सुटणं सोपं नव्हतं. सोडला तर तिला उघडं पडल्यासारखं वाटायचं, पदर सारखा पोटावर ओढायची. दुपारी चटईवर उताणी झोप म्हटलं तर म्हणे, "दिसाढवळ्या आडवी पडलेली बायल एक तर मेलेली नायतर बाळंतीण." शेवटी मी दार लोटून घेतलं, तिला निजवलं आणि पोटावर नारळाची करवंटी ठेवली. "ही वर उचल. हातान न्हय, श्वासान." करवंटी हलेना. आई खांदे उचलायची, गळ्याच्या शिरा तटतटायच्या, करवंटी आपली पालथी बसलेली. मी तिच्या बरगड्यांच्या खालच्या कडेला बोटं ठेवायचे. श्वास सोडताना हळू दाबायचं, घेताना हात सोडून द्यायचा. नर्सबायचा एकच नियम होता, हात श्वासाच्या मागून जायचा, पुढून कधी नाही. बरगड्यांच्या मधल्या फटी अंगठ्याने मोकळ्या करायचे, चिकटलेलं कांद्याचं साल सोडवतात तशा सावकाश.

बाराव्या की तेराव्या दिवशी करवंटी उचलली. एवढीशी. मग जरा जास्त. बापूस पाणी प्यायला आत आला आणि बघत राहिला.

"ह्या काय चललाहा?"

"होडी," धाकटी म्हणाली. "आयेच्या पोटार होडी चलता."

"बरी चलता," बापूस म्हणाला. "माझ्यापेक्षा बरी वल्हवता." आई हसली आणि करवंटी गडगडत चुलीपाशी गेली. हसतानाही पडदाच हलतो, हे मला तेव्हा कळलं.

पावसात बाजार मंदावलेला असतो, तो सगळा काळ आम्हाला मिळाला. आई आधी रिकामी घाटी चढली, मग घागर घेऊन, मग अर्धी पाटी. पट्टा खाली, कमरेच्या हाडांवर. चढताना बोलायचं नाही, दोन पावलांना श्वास घ्यायचा, तीन पावलांना सोडायचा, हे तिचं तिनेच बसवलं. मी शिकवलेलं नव्हतं.

मग नारळी पुनव झाली, होड्या पाण्यात गेल्या, बांगडा आला. बापसाने पाटी भरली आणि ती उचलून तो माझ्याकडे वळला. आई मधे आली आणि डोक्यावर चुंबळ ठेवली. "हय दी."

मी रिकाम्या हातांनी तिच्या मागून गेले. पुतळी आमच्या थोडी पुढे होती. पहिला धोंडा आला, आईने त्याच्याकडे बघितलंही नाही. मी कान देऊन ऐकत होते. पायांतली जोडवी वाजत होती, फक्त जोडवी. दुसरा धोंडा आला. तिथं चढ खडा आहे, मीच धापा टाकत होते. आईचे खांदे पाटीखाली स्थिर होते आणि पाठीवर चोळीच्या खाली बरगड्या बाजूला उघडत होत्या, मिटत होत्या, बादलीच्या कडीसारख्या. तिसऱ्या धोंड्याला पुतळी आणि चौघी-पाच जणी पाट्या टेकवून गजाली करत होत्या.

"अगो, थांब मा," पुतळी म्हणाली. "इतक्या दिसांनी गावलंस."

"बाजारात ये. सावलेत बसान बोलूया," आई म्हणाली. न थांबता, एका दमात, चालता चालता. पुतळीने घाईघाईने पाटी डोक्यावर घेतली, पण ती काय आता पोचणार.

भिंतीच्या सावलीत आईने पाटी उतरवली, पाणी शिंपडलं, बांगडे मांडले. आणि मग हाळी दिली. वर्षभर तिची हाळी दोन तुकड्यांत यायची, बांगडो म्हणून थांबायची, घेवा म्हणायची. त्या दिवशी ती बांगड्यापासून निघाली, ताजो म्हणाली, आताच होडयेतसून उतरलो म्हणाली, आणि शेवटचा घेवा गो बायांनो बाजाराच्या त्या टोकाच्या भांडेवाल्यापर्यंत गेला. भांडेवाल्याने मान वळवून बघितलं. मी बघितलं ते तिचं पोट, पदराखाली हळूहळू आत जाणारं, हाळी संपेपर्यंत.

कुडाळच्या वर्गात श्वासाचा धडा असला की मी सापळ्याला हात लावायच्या आधी पोरींना सांगते, नाड्या सैल करा, पँटीचं बटण सोडा. त्या लाजतात, हसतात, एकमेकींना ढकलतात. मग सोडतात आणि आपापल्या पोटावर हात ठेवून बघतात.

बाजाराच्या त्या दिवशी दुपारी घरी आल्यावर आईने तो लांब फाळका बाहेर काढला. मधोमध दात लावला आणि टर्रकन फाडला. एक तुकडा स्वतःच्या कमरेवर, खाली, जिथे मी सांगितलं होतं तिथे बांधला. दुसरा माझ्याकडे टाकला.

"ह्यो घे. नर्सबायकडे तेलाचे हात पुसूक लागतलो," ती म्हणाली, आणि पेज वाढायला बसली. पाच ताटं घेतली.